संगीत तंत्रज्ञानात मास्टर्स: विद्यापीठाचं नाव बघण्याआधी तिथले प्रबंध वाचा

मला आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे: संगणक अभियांत्रिकीची पदवी झाली आहे, लहानपणापासून पियानो वाजवतो, लॅपटॉपवर स्वतःचं संगीत करतो, एक-दोन छोटे प्लगइन (संगीताच्या सॉफ्टवेअरला जोडायचे छोटे प्रोग्रॅम) लिहून पाहिले आहेत. आता संगीत तंत्रज्ञानात मास्टर्स करायचं आहे. त्यासाठी सर्वांत चांगलं विद्यापीठ कोणतं? आणि संगीताची पदवी नाही, हे आडवं येईल का?

मी ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. या पदव्या घेऊन आलेल्या मुलामुलींच्या मुलाखती घेणं, इंटर्न सांभाळणं, अर्ज करणाऱ्यांची निवेदनं वाचून शेरे देणं हे वर्षानुवर्षं चालू आहे. जे लिहितोय ते त्या खुर्चीवरून.

दुसरा प्रश्न आधी घेतो, तो लवकर मिटतो. संगीताची पदवी नसणं बहुतेक ठिकाणी आडवं येत नाही. हे क्षेत्रच दोन वेगळ्या बाजूंनी आलेल्या लोकांनी उभं केलं आहे. मॅक्स मॅथ्यूज विद्युत अभियंता होते. १९५७ मध्ये बेल लॅब्ज या अमेरिकेतल्या संशोधन संस्थेत त्यांच्या प्रोग्रॅमने संगणकाला वाजतं केलं. त्यांचा १९६३ चा एक लेख वाचून जॉन चाउनिंग नावाचा संगीतरचनेचा विद्यार्थी प्रोग्रॅमिंग शिकला, १९६७ मध्ये त्याच्या हाती एफएम सिंथेसिस (एका लहरीने दुसरीची वारंवारता हलवून आवाज घडवण्याची पद्धत) लागलं आणि पुढे त्यावरच यामाहाचा डीएक्स-७ हा सिंथेसायझर १९८३ मध्ये बाजारात आला. मॅक्स नावाच्या ज्या सॉफ्टवेअरमध्ये आज कलाकार पॅच (ठोकळे जोडून केलेले प्रोग्रॅम) जोडत बसतात, ते सुरुवातीला लिहिणारे मिलर पकेट गणितातले डॉक्टरेट. तेव्हा तुम्ही कुठल्या दाराने येता याला फार महत्त्व नाही. दोन अपवाद मात्र खरे आहेत. टोनमायस्टर (संगीत जाणणारा ध्वनिमुद्रक) या जर्मन परंपरेतले ध्वनिमुद्रणाचे अभ्यासक्रम संगीताचं पक्कं शिक्षण धरूनच चालतात: कान तयार हवा, स्वरलिपी समोर ठेवून वाद्यवृंदाचं ध्वनिमुद्रण करता आलं पाहिजे. कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठाचा साउंड रेकॉर्डिंगचा मास्टर्स याच जातकुळीचा. दुसरा अपवाद म्हणजे रचनाप्रधान अभ्यासक्रम, जिथे तुमच्या कलाकृती ऐकूनच निवड होते.

आता पहिला प्रश्न. ‘सर्वांत चांगलं’ असं काही इथे नाही, आणि मी टाळतोय असं समजू नका. संगणकशास्त्रात क्रमवारीला निदान थोडाफार अर्थ असतो, कारण सगळीकडे साधारण तेच शिकवतात. संगीत तंत्रज्ञान या एका पाटीखाली किमान चार वेगळे धंदे चालतात आणि एकातला माणूस दुसऱ्यात बऱ्याचदा नवशिका असतो. एक, आवाजाचं गणित: फिल्टर, सिंथेसिस, वाद्यांचं भौतिक मॉडेलिंग (वाद्य कसं कंप पावतं ते समीकरणांनी मांडून आवाज काढणं), खोल्यांचं ध्वनिशास्त्र. दोन, संगीतातून माहिती काढणं: ताल ओळखणं, स्वर ओळखणं, वाद्यं वेगळी करणं, शिफारशी, आणि हल्ली संगीत तयार करणारी मॉडेल्स. तीन, नवी वाद्यं आणि परस्परसंवाद: सेन्सर, हार्डवेअर, रंगमंचावर वापरायच्या यंत्रणा. चार, ध्वनिमुद्रण, मिक्सिंग, निर्मिती. रचनेला वाहिलेले अभ्यासक्रम वेगळे धरले तर पाच.

एकेका संस्थेचा कल कुठे आहे, हे थोडं सांगतो.

बार्सिलोनाच्या पॉम्पेउ फाब्रा विद्यापीठातला संगीत तंत्रज्ञान गट शावियेर सेर्रा यांनी १९९४ मध्ये सुरू केला. ‘साउंड अँड म्युझिक कम्प्युटिंग’ हा तिथला मास्टर्स. फ्रीसाउंड हा ध्वनींचा खुला साठा तिथलाच, व्होकलॉइड या यामाहाच्या गाणाऱ्या सॉफ्टवेअरमागचं संशोधनही तिथलं. कॉम्पम्युझिक या प्रकल्पात त्यांनी हिंदुस्तानी, कर्नाटक, तुर्की मकाम, अरब-अंदालुसी आणि चिनी ऑपेरा या परंपरांवर संगणकीय काम केलं. पाश्चात्त्य बारा स्वरांच्या चौकटीत न बसणाऱ्या संगीतावर काम करायचं असेल, तर ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. लंडनच्या क्वीन मेरीतलं सेंटर फॉर डिजिटल म्युझिक हेही माहिती काढण्याच्या बाजूचं मोठं केंद्र. आवाज चित्ररूपात दाखवणारा सोनिक व्हिज्युअलायझर वापरला असेल तर तो त्यांचाच. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेकमध्ये एकीकडे गिल वाइनबर्ग यांचा मरिंबा (लाकडी पट्ट्यांचं वाद्य) वाजवणारा रोबो शिमोन आहे, दुसरीकडे अलेक्झांडर लेर्क यांचं ऑडिओ विश्लेषण. तिथला एमएस अभियांत्रिकीकडून आलेल्यांना सहज मानवतो. कार्नेगी मेलनचा ‘म्युझिक अँड टेक्नॉलॉजी’ संगीत विभाग, संगणक आणि विद्युत अभियांत्रिकी मिळून चालवतात. ऑडॅसिटी या मोफत ध्वनिसंपादन सॉफ्टवेअरच्या दोन जनकांपैकी रॉजर डॅननबर्ग (आता निवृत्त) तिथलेच.

स्टॅनफर्डचं सीसीआरएमए हे संगणक-संगीताचं केंद्र, लोक त्याला ‘कर्मा’ म्हणतात, १९७५ चं. तिथे सिग्नल प्रोसेसिंग, रचना आणि चक या भाषेत प्रोग्रॅमिंग करणारा लॅपटॉप ऑर्केस्ट्रा एकाच इमारतीत नांदतात. मॅकगिलमध्ये नवी वाद्यं, संगीताचं आकलन आणि ध्वनिशास्त्र एकत्र भेटतं. एडिनबरामध्ये स्टेफान बिल्बाओ यांचं भौतिक मॉडेलिंग आहे. आंशिक विकलक समीकरणं (पार्शल डिफरन्शियल इक्वेशन्स) सोडवायची तयारी नसेल तर त्या वाटेला जाऊ नका. न्यूयॉर्क विद्यापीठात (एनवाययू) संशोधन आणि ध्वनिमुद्रण दोन्ही शेजारी शेजारी आहेत. पॅरिसच्या इर्काम या संगीत-संशोधन संस्थेशी जोडलेला आतियाम हा मास्टर्स अतिशय भक्कम, पण शिकवणं फ्रेंचमधून. ऑस्ट्रियातल्या ग्राझमध्ये अँबिसॉनिक्स म्हणजे त्रिमितीय ध्वनीचं फार चांगलं काम चालतं, पण जर्मन लागेल. हेगमधली सोनोलॉजी ही संस्था म्हणजे रचनाकारांचं घर. तिथे नोकरीसाठी जाऊ नये, आवाजाच्या वेडासाठी जावं. एमआयटीने आपला संगीत तंत्रज्ञान आणि कम्प्युटेशनचा पदव्युत्तर कार्यक्रम २०२५ मध्ये सुरू केला.

ही यादी पूर्ण नाही, आणि तिच्यावरून निवडूही नका. निवडायचं कसं, ते आता सांगतो.

ज्या संस्था मनात आहेत त्यांच्या विद्यापीठाच्या ग्रंथालयाचा प्रबंधसाठा उघडा आणि त्या विभागातले गेल्या तीन वर्षांतले मास्टर्सचे प्रबंध काढा. पीएचडीचे नव्हे, मास्टर्सचे. संकेतस्थळावर मिरवलेलं काम बहुतेकदा डॉक्टरेटच्या किंवा पोस्टडॉकच्या माणसांचं असतं. तुम्ही तिथे मास्टर्सला जाणार, तेव्हा मास्टर्सच्या मुलांना तिथे काय करायला मिळतं हे बघायला हवं. आधी नुसती शीर्षकं वाचा. दहा-पंधरा शीर्षकांमधून विभागाचा खरा चेहरा दिसतो. माहितीपत्रकात ‘नवी वाद्यं, रंगमंच, परस्परसंवाद’ असं लिहिलेलं असतं आणि प्रबंध बघावेत तर बहुतेक सगळे न्यूरल नेटवर्कने शैली ओळखण्यावर. किंवा उलट. मग चार-पाच प्रबंध खरोखर वाचा. प्रश्न नीट मांडला आहे का? आधीच्या पद्धतीशी तुलना केली आहे का? ऐकून बघण्याची चाचणी घेतली असेल तर किती लोकांना ऐकवलं, की दोन मित्रांना विचारून निष्कर्ष काढला? ध्वनीची उदाहरणं जोडली आहेत का? कोड उघडा आहे का, आणि असेल तर तुमच्या संगणकावर चालतो का?

आणि आभाराचं पान कधीही सोडू नका. ते त्या प्रबंधातलं सर्वांत प्रामाणिक पान असतं. मुखपृष्ठावर मोठ्या प्राध्यापकांचं नाव असतं आणि आभारात लिहिलेलं असतं की दर आठवड्याला बसून अडचणी सोडवल्या त्या अमुक पीएचडी विद्यार्थ्याने. यात वाईट काही नाही, बऱ्याचदा तो विद्यार्थीच जास्त वेळ देतो. पण तो पुढच्या वर्षी पदवी घेऊन निघून जाणार असेल, तर तुम्हाला कोण बघणार?

पुढची पायरी, त्या प्रबंधांतून शोधनिबंध निघाले का. संगीतातून माहिती काढण्याच्या बाजूला इस्मिर ही परिषद आहे, ती २००० पासून भरते. ध्वनिप्रक्रियेसाठी डॅफेक्स, १९९८ पासून. नव्या वाद्यांसाठी नाइम, २००१ पासून. तिन्हींचे निबंध मोफत वाचता येतात. तिथे लेखकांच्या यादीत मास्टर्सच्या मुलांची नावं पहिल्या जागी दिसत असतील, तर त्या विभागात त्यांना खरं काम दिलं जातं. पुढे पीएचडी करायची असेल तर ही सर्वांत महत्त्वाची खूण. उद्योगात जायचं असेल तरी उपयोगाची, कारण मुलाखतीत बोलायला तुमच्याकडे एक पूर्ण झालेलं काम असतं.

नव्या कार्यक्रमांकडे प्रबंध नसतात, साहजिकच. तिथे प्राध्यापकांचं आधीचं काम आणि त्यांचे आधीचे विद्यार्थी शोधावे लागतात. काही ठिकाणी प्रबंधाऐवजी प्रकल्पावर पदवी मिळते. मग प्रकल्पांच्या चित्रफिती मागून घ्या. त्याही मिळत नसतील तर मी त्या संस्थेला यादीत खाली ढकलेन.

प्राध्यापक जागचे हलतात, हेही ध्यानात असू द्या. क्वीन मेरीत अँड्र्यू मॅकफर्सन यांच्या प्रयोगशाळेतून बेला हा अगदी कमी विलंबात आवाज हाताळणारा छोटा बोर्ड आला. २०२३ मध्ये ते इम्पीरियल कॉलेजला गेले. जुने लेख वाचून कुणी वाद्यनिर्मितीसाठी क्वीन मेरीचा अर्ज भरला, तर ज्यांच्यासाठी जायचं तेच तिथे नाहीत. स्टॅनफर्डचे ज्युलियस स्मिथ आता निवृत्त आहेत, पण सिग्नल प्रोसेसिंगवरची त्यांची पुस्तकं संपूर्ण मोफत ऑनलाइन आहेत. अर्ज करण्याआधी त्यातली काही प्रकरणं सोडवून बघा. मजा आली तर पहिल्या धंद्यात जागा आहे. कंटाळा आला तर तेही आत्ताच कळलेलं बरं. त्यासाठी दोन वर्षांची फी भरायची गरज नाही.

अभ्यासक्रमाच्या यादीबद्दल एकच सांगतो: यादीतला प्रत्येक विषय दर वर्षी शिकवला जात नाही. काही विषय एक वर्षाआड असतात, काही शिकवणारा माणूस गेल्यापासून नुसते छापलेले राहतात. गेल्या दोन वर्षांत प्रत्यक्षात कोणते विषय चालले, हे विभागाच्या कार्यालयाला सरळ विचारा. एक वर्षाच्या अभ्यासक्रमात तर हा प्रश्न फारच कळीचा.

तुम्ही प्लगइन लिहिता म्हणून हे खास तुमच्यासाठी. उद्योगात ऑडिओ सॉफ्टवेअर मुख्यतः सी प्लस प्लसमध्ये लिहिलं जातं आणि ते वेळेत चालावं लागतं. ४४,१०० हर्ट्झला १२८ सॅम्पलचा बफर (एका वेळी हाताळायचा आवाजाचा तुकडा) म्हणजे जेमतेम २.९ मिलिसेकंद. तेवढ्यात तुमचं काम झालं नाही तर ऐकणाऱ्याला फटकन आवाज येतो. आवाज हाताळणाऱ्या त्या धाग्यात (थ्रेडमध्ये) मेमरी मागायची नाही, कुलूप (लॉक) लावून थांबायचं नाही, फाइल उघडायची नाही. मी मुलाखतीत हे विचारतो आणि चांगल्या नावाच्या विद्यापीठांतून आलेलेही अडखळतात, कारण त्यांनी दोन वर्षं पायथन, मॅटलॅब आणि मॅक्समध्ये काढलेली असतात. संशोधनाला ते पुरतं. माल बनवायचा असेल तर पुरत नाही. अभ्यासक्रमात रिअल-टाइम ऑडिओ प्रोग्रॅमिंगचा एक तरी विषय आहे का, मुलं ज्यूस (JUCE) या ऑडिओ प्लगइन लिहायच्या फ्रेमवर्कमध्ये काही बनवून बाहेर पडतात का, हे बघा.

मशीन लर्निंगने हे क्षेत्र व्यापलंय आणि ते शिकायला हवंच. पण माझा एक आग्रह आहे. जिथे स्पेक्ट्रोग्रॅम (आवाजातल्या वारंवारता वेळेनुसार दाखवणारं चित्र) हा नुसता मॉडेलला भरवायचा एक फोटो समजतात आणि फूरिये रूपांतर (आवाज वारंवारतांमध्ये सुटा करणं), खिडकी (विंडोइंग), एलियासिंग (सॅम्पल अपुरे पडल्याने उमटणाऱ्या खोट्या वारंवारता) हे अर्ध्या तासात उरकतात, तिथे जाऊ नका. मॉडेल्स दर वर्षी बदलतील. ज्याला एलियासिंग ऐकून ओळखता येत नाही, त्याला मॉडेलने काढलेल्या आवाजात काय बिघडलंय हेही कळत नाही.

चौथा धंदा, म्हणजे निर्मिती, हा तुमचा मार्ग दिसत नाही, म्हणून थोडक्यात. प्रचंड मिक्सिंग कन्सोलच्या फोटोंना भुलू नका. एका विद्यार्थ्याला आठवड्याला स्टुडिओचे किती तास मिळतात, रात्री किल्ली कोणाकडे असते आणि वाजवायला जिवंत वादक मिळतात का, एवढंच विचारा. संगीत महाविद्यालयाला जोडलेल्या अभ्यासक्रमाचा खरा फायदा तिसऱ्या गोष्टीत आहे.

एक वर्ष की दोन? ब्रिटनमधले आणि काही युरोपीय मास्टर्स एक वर्षाचे, उत्तर अमेरिकेत बहुतेक दोन वर्षांचे. एक वर्ष स्वस्त पडतं, पण त्यात उन्हाळा प्रबंधात जातो आणि इंटर्नशिपला जागा उरत नाही. शिवाय नोकरीचे अर्ज पहिल्या सत्रातच करावे लागतात, तेव्हा दाखवायला काही नसतं. दोन वर्षांच्या मधला उन्हाळा ही या पदवीतली सर्वांत किमती गोष्ट आहे. ऑडिओ कंपन्या लहान असतात आणि इंटर्न म्हणून पाहिलेल्या माणसालाच बऱ्याचदा घेतात. तुमच्याकडे आधीच कामाचा अनुभव असेल, तर एक वर्ष पुरेल. अनुभव नसेल तर मी दोन वर्षं सुचवेन, परवडत असेल तर.

परवडण्याचा प्रश्न पदवीच्या नावात अडकलेला असतो. पीएचडीला पैसे मिळतात, मास्टर्सला बहुतेक ठिकाणी मिळत नाहीत. अध्यापन सहायक किंवा संशोधन सहायकाच्या जागा असतात, पण त्या कितीजणांना मिळतात आणि पहिल्या सत्रापासून मिळतात का, हे सध्याच्या विद्यार्थ्यांकडूनच खरं कळतं. बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात शिकवणी शुल्क नाही, नॉर्वेत २०२३ पासून युरोपबाहेरच्यांना ते लागतं. देशागणिक नियम बदलतात आणि दर वर्षी बदलतात. अमेरिकेत परदेशी विद्यार्थ्यांना पदवीनंतर बारा महिने काम करता येतं आणि पदवीची नोंद सरकारच्या स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीतल्या वर्गात असेल तर आणखी चोवीस महिने. ‘संगीत तंत्रज्ञान’ हेच नाव असलेल्या दोन पदव्यांची नोंद वेगवेगळ्या वर्गात असू शकते. कोणता सांकेतिक क्रमांक आहे हे विद्यापीठाला लेखी विचारा. तीन वर्षं की एक वर्ष, हा फरक त्या एका आकड्यावर ठरतो.

एक उलटा प्रश्न तुम्हालाही विचारतो. तुम्हाला ही पदवीच हवी आहे का? ऑटो-ट्यून १९९७ मध्ये आणणारे अँडी हिल्डेब्रँड भूकंपलहरींवरून तेल शोधण्याच्या उद्योगातून आले होते. सिग्नल प्रोसेसिंग तेच, फक्त लहरी वेगळ्या. संगणकशास्त्र किंवा विद्युत अभियांत्रिकीचा मास्टर्स करून प्रबंध ऑडिओवर करणं हाही सरळ रस्ता आहे. ऑडिओतली नोकरी मिळाली नाही तर त्या पदवीला दुसरे दरवाजे जास्त उघडतात. संगीत तंत्रज्ञानाच्या विभागात जायचं ते सोबतीसाठी. तिथे शेजारच्या टेबलावर कोणीतरी बासरीला सेन्सर लावत असतं, कोणी कोरस लिहीत असतं, आणि तुमचा आवाज वाईट आहे हे तुम्हाला तोंडावर सांगणारे कान तिथे असतात. ज्या संशोधन गटात फक्त अभियंते आहेत तिथे वाईट आवाजही आलेखावर चांगला दिसतो आणि छापून येतो.

अर्जाबद्दल. निवेदनात ‘संगीत आणि तंत्रज्ञान ही माझी दोन प्रेमं’ हे वाक्य लिहू नका. वाचणाऱ्याने ते त्याच दिवशी अनेकदा वाचलेलं असतं. त्याऐवजी तुमच्या प्लगइनमध्ये काय बिघडलं आणि ते कसं शोधलं, ते लिहा. पोर्टफोलिओत तीन गोष्टी पुरतात, पण प्रत्येकीत आवाज ऐकायला मिळाला पाहिजे आणि पहिल्या दहा सेकंदांत मिळाला पाहिजे. प्राध्यापकांना ईमेल करणार असाल तर छोटी करा: त्यांच्या विद्यार्थ्याचा अमुक प्रबंध वाचला, त्यातली अमुक पद्धत अमुक ठिकाणी लावून बघितली, असं झालं, पुढच्या वर्षी मास्टर्सचे विद्यार्थी घेणार आहात का? एवढंच. उत्तर नाही आलं तर मनाला लावून घेऊ नका. सध्याच्या विद्यार्थ्यांना लिहा, ती मुलं हमखास उत्तर देतात. त्यांना ‘कसं वाटतं?’ विचारू नका. मार्गदर्शक शेवटचे कधी भेटले, तुमच्या तुकडीतलं कोणी सोडून गेलं का, गेल्या वर्षी बाहेर पडलेले आता कुठे आहेत, हे विचारा.

तुमची माहिती एवढीच आहे, तिच्यावरून बोलायचं तर माझी यादी जॉर्जिया टेक, पॉम्पेउ फाब्रा, क्वीन मेरी, कार्नेगी मेलन अशी सुरू होईल, आणि तुम्हाला ते गणित खरंच आवडत असेल तर एडिनबरा वर जाईल. पण प्रबंध वाचून झाल्यावर ही यादी फाडून टाकलीत तरी चालेल. तुमची जी होईल ती जास्त बरोबर असेल.

प्रवेशपत्रं आली की घाई होते. अमेरिकेत आर्थिक मदतीसह दिलेल्या प्रस्तावाला १५ एप्रिलपर्यंत उत्तर देण्याची मुदत बऱ्याच विद्यापीठांनी मान्य केलेली आहे. कोणी त्याआधी दबाव आणत असेल तर नम्रपणे त्या तारखेची आठवण द्या. त्या मधल्या काळात विभागाकडून एवढं लेखी घ्या: मार्गदर्शक कोण, ते त्या वर्षी रजेवर नाहीत ना, आणि मदतीची रक्कम पहिल्याच वर्षाची आहे की दोन्ही वर्षांची.